आधी जनावरं, मग रान

शिवालिकच्या टेकड्यांतली हाडं पहिल्यांदा पद्धतशीर गोळा केली ती एका कालवेवाल्याने आणि एका बागवाल्याने. प्रोबी कॉटली कालव्यांचा इंजिनिअर, ह्यू फाल्कनर सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख. त्यांचा ऐवज एवढा होता की १८३७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांना वोलस्टन पदक दिलं. अजस्र कासव त्यांचंच, आणि शंकराच्या नावाने बारसं झालेलं शिवथेरियम, म्हणजे जिराफाचा चार शिंगांचा थोराड भाऊबंदही.

पण ही जनावरं कसल्या रानात हिंडत होती? हे नीट कळायला दीडशे वर्षं गेली. मधला बराच काळ एका वानराच्या वादात गेला. हिमाचलातल्या हरितल्यांगरला १९३२ साली सापडलेल्या जबड्याच्या तुकड्यावरून रामपिथेकस नावाचं वानर पुढे माणसाचं पूर्वज ठरलं. १९८२ साली पाकिस्तानातल्या पोटवारच्या पठारावरच्या, त्याच्याच जातकुळीच्या शिवपिथेकसचा चेहरा जगापुढे आला, तो ओरांगउटानच्या वळणाचा निघाला आणि दावा बारगळला.

रानाचा माग लागला तो मातीत. झाडं-झुडपं आणि उष्ण प्रदेशातलं गवत हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने बांधतात. गवतात जड कार्बन जास्त. ही खूण जुन्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांत उतरते, चरणाऱ्या जनावराच्या दातांतही. क्वेड, सर्लिंग आणि बोमन या संशोधकांनी १९८९ साली पोटवारचे असे खडे तपासून दाखवलं की सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी तिथे झाडांची जागा गवताने घेतली. त्याआधीचं पोटवार झाडोऱ्याचं: खाली वळलेल्या सुळ्यांचं डायनोथेरियम, गेंडे, फळांवर जगणारा शिवपिथेकस. गंमत म्हणजे हा शिवपिथेकस गवताचा जम बसण्याआधीच, सुमारे ८५ लाख वर्षांपूर्वी, दिसेनासा होतो. रान एकदम गेलं नसावं. आधी विरळ झालं असावं, आणि वर्षभर फळं लागणाऱ्या प्राण्याला तेवढं पुरेसं होतं.

शिवथेरियम या झाडोऱ्यातल्या जनावरांच्या कितीतरी नंतरचं. त्याला आणि शिवपिथेकसला एका पंगतीत बसवणारं चित्र कितीही देखणं असलं तरी खोटंच.

हिमाचलातल्या सुकेतीला १९७४ सालापासून जीवाश्म उद्यान आहे, तिथे या जनावरांच्या पूर्णाकृती प्रतिकृती आहेत. गेलात तर प्रत्येकीसमोर आधी तिचा काळ विचारा, मग तिच्याभोवती झाडं लावायची की गवत, ते ठरवा.