अर्धशिशी आणि मोठी झालेली बाहुली

गणपतीचा हंगाम होता. पेणच्या एका कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारी एक तरुणी माझ्याकडे आली. डोक्याची उजवी बाजू ठणकत होती, मळमळत होते. अर्धशिशी तिला जुनीच. पण त्या दिवशी बारीक रेघ दिसेना, म्हणून तिने आरशात पाहिले, तर उजवी बाहुली डावीच्या दुप्पट! घरच्यांना वाटले, मेंदूत काही फुटले.

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधले छिद्र. ते लहान करणारा एक स्नायू व मोठे करणारा दुसरा. दोहोंच्या नसा वेगळ्या. अर्धशिशीच्या काही रुग्णांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, या नसांचा तोल तात्पुरता बिघडतो आणि एकच बाहुली मोठी होते. जवळचे अंधुक दिसते, उजेड खुपतो. बहुधा काही तासांत, क्वचित काही दिवसांनी, बाहुली पूर्ववत होते. नजरेला कायमची इजा होत नाही.

मात्र हे निदान घरी करू नये. पापणी खाली आली, एकाचे दोन दिसू लागले, डोळा वळेना किंवा कधी नव्हे इतके डोके एकाएकी दुखू लागले, तर मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा नसेवर दाबत असू शकतो. अशा वेळी तडक मोठे रुग्णालय गाठावे. डोळा लाल होऊन दुखत असेल व दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तिथेही उशीर नको.

एक कारण आपल्या परसातले आहे. रोह्याच्या एका रुग्णाने महाशिवरात्रीला धोतरा तोडून त्याच हाताने डोळा चोळला होता. धोतऱ्यात ॲट्रोपीनसारखी द्रव्ये असतात; त्यांनी बाहुली मोठी होते. म्हणून धोतरा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

त्या तरुणीची पापणी व डोळ्यांची हालचाल ठीक होती. तरीही असे पहिल्यांदाच घडल्याने मी तिला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. धोक्याचे काही निघाले नाही; दुसऱ्या दिवशी बाहुल्या सारख्या झाल्या.

पुन्हा असे झाल्यास मोबाईलवर डोळ्यांचा फोटो काढून वेळ लिहून ठेवावी. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. जुने फोटोही पाहावेत; अनेकांच्या बाहुल्या जन्मतःच किंचित लहानमोठ्या असतात. अंधुक दिसत असताना मात्र वाहन चालवू नये.