पोटातले महाकाय व्हायरस आणि नागलीची भाकर

जव्हारहून मी बोलतेय. हे या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप. ज्यांच्या पाड्यावर रेंज नाही किंवा नेटपॅक संपलाय, त्यांनी निवांत वाचा.

मागच्या भागात शेळीच्या रवंथाबद्दल बोललो. त्यावर मोखाड्याच्या एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला: "ताई, शेळीच्या पोटात बॅक्टेरिया असतात ते समजलं. पण व्हायरसपण असतात का? आणि असले तर शेळी आजारी का पडत नाही?"

भारी प्रश्न आहे. सरळ उत्तर: असतात, प्रचंड संख्येने असतात. शेळीच्या, गाईच्या, डुकराच्या आणि तुमच्या-माझ्याही पोटात. पण त्यातले बहुतेक व्हायरस आपल्या वाटेला जातच नाहीत. त्यांची शिकार वेगळी आहे.

बॅक्टेरियालाही व्हायरस होतो

व्हायरस म्हटलं की आपल्याला कोरोना आठवतो. पण बॅक्टेरियालाही व्हायरसची लागण होते. अशा व्हायरसला म्हणतात बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज.

१८९६ साली हॅन्किन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळलं की हा गुण जातो. आज अनेकांना वाटतं की तो फाजचाच पुरावा होता. पुढे १९१५ मध्ये ट्वॉर्टने आणि १९१७ मध्ये डेरेलने हे प्रकरण उलगडलं. फाज हे नाव डेरेलचं. (म्हणून नदीचं पाणी तसंच प्यायचं नाही हं! उकळूनच प्या.)

बरेच फाज दिसायला यानासारखे असतात. वर डोकं, त्यात डीएनए, खाली शेपूट. फाज बॅक्टेरियाला चिकटतो, डीएनए आत सोडतो, आतल्या यंत्रणेकडून स्वतःच्या नकला काढून घेतो आणि शेवटी बॅक्टेरिया फुटतो. प्रत्येक फाजची किल्ली ठरावीक कुलपालाच लागते. शेळीच्या किंवा माणसाच्या पेशीचं कुलूप तिला लागत नाही. म्हणून शेळी मजेत चरते.

मोठे म्हणजे किती मोठे?

व्हायरसचं पुस्तक किती अक्षरांचं, यावरून त्याचा आकार मोजू. कोरोनाचं पुस्तक साधारण ३०,००० अक्षरांचं. सरासरी फाजचं ५०,००० च्या आसपास. २ लाखांच्या वर गेला की जम्बो फाज, ५ लाखांच्या वर गेला की मेगाफाज.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या जिल बॅनफिल्ड आणि लंडनच्या जोअॅन सॅन्टिनी यांच्या गटाने एक शोध जाहीर केला. बांगलादेशातल्या लाकसाम भागातल्या लोकांच्या शौचाच्या नमुन्यांत ५,४०,००० हून जास्त अक्षरांचे फाज सापडले. गावावरून त्यांचं नाव पडलं 'लाक' फाज. मग त्यांचे भाऊबंद टांझानियातल्या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या हाड्झा लोकांत, आफ्रिकेतल्या बबून माकडांत आणि डेन्मार्कच्या डुकरांतही निघाले. २०२१ मध्ये घोड्याच्या आतड्यातला एक तर सुमारे ६,६०,००० अक्षरांचा निघाला.

आता तुलना करा. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाच्या एका बॅक्टेरियाचं अख्खं पुस्तक ५,८०,००० अक्षरांचं आहे. म्हणजे ज्याला आपण धड जिवंतही म्हणत नाही, त्याचं पुस्तक एका जिवंत पेशीपेक्षा जाड!

मग इतकी वर्षं दिसले का नाहीत?

चाळणीमुळे. व्हायरस शोधताना नमुना अगदी बारीक गाळणीतून गाळायचे. खाली उतरेल तो व्हायरस, वर राहील तो बॅक्टेरिया असं धरायचे. मोठे फाज वरच्या गाळात अडकायचे आणि गाळ फेकला जायचा. घट्ट जेलीत वाढवायला गेलं तरी ते नीट पसरत नसत.

आता नमुन्यातला सगळा डीएनए थेट वाचतात आणि कॉम्प्युटरवर तुकडे जुळवतात. शंभर वह्या फाडून एकत्र केल्या आणि पुन्हा वेगळ्या लावल्या, तसं.

मग फाज कुणाची शिकार करतो हे कसं कळलं? बॅक्टेरियाकडे क्रिस्पर नावाची एक सोय असते. हल्ला करून गेलेल्या व्हायरसच्या डीएनएचा तुकडा तो जपून ठेवतो, पोलीस ठाण्यात गुन्हेगाराचा फोटो लावतात तसा. लाक फाजचे 'फोटो' सापडले प्रीव्होटेला नावाच्या बॅक्टेरियाकडे.

इथे आपलं ताट येतं

प्रीव्होटेला धान्य-भाजीपाला आणि चोथा जास्त खाणाऱ्यांच्या पोटात खूप असतो. शेळी-गाईच्या पोटातही तो मुख्य कामगारांपैकी एक. २०१६ मध्ये पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या आतड्यातले बॅक्टेरिया इतर देशांतल्या लोकांशी ताडून पाहिले. भारतीयांत प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा हे दोन ठळकपणे जास्त निघाले.

म्हणजे साखळी अशी: नागलीची भाकर, वरईचा भात, उडीद, रानभाजी → प्रीव्होटेला → त्याच्यावर जगणारे महाकाय फाज. ताट बदललं की साखळी हलते. २०१८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. थायलंडहून तिथे स्थलांतर केलेल्या ह्मोंग आणि कॅरन लोकांच्या पोटातला प्रीव्होटेला काही महिन्यांतच कमी व्हायला लागला होता. आपल्याकडे दिवाळीनंतर किती कुटुंबं वीटभट्टीवर जातात! तिथे पोरांच्या हातात नागली नसते, पाच रुपयांचं पाकीट असतं. भूक तेवढ्यापुरती मरते, पण आतल्या बॅक्टेरियांना चोथा मिळत नाही.

मग हे फाज चांगले की वाईट?

दोन्ही नाही. एखादा बॅक्टेरिया माजला की फाज त्याला छाटतात, शेतातल्या निंदणीसारखं. पण काही फाज एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात जीनसुद्धा पोचवतात. कॉलऱ्याचं विष बनवणारा जीन त्या जंतूला एका छोट्या फाजकडूनच मिळालाय, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. म्हणून "फाज म्हणजे औषध" असं कुणी विकायला आलं, तर पैसे देऊ नका.

माणसाला उपयोग मात्र आहे. २०२० मध्ये महाकाय फाजमध्येच जीन कापण्याची एक कात्री सापडली, कॅस-फाय. जीन बदलण्यासाठी नेहमी वापरतात त्या कॅस-९ च्या साधारण निम्म्या आकाराची. जे आपण गाळ म्हणून फेकत होतो, त्यात हे हत्यार होतं.

मोबाईल ठेवण्याआधी तीन गोष्टी

एक: अँटिबायोटिक व्हायरसला मारत नाही, बॅक्टेरियाला मारतं. जुलाब झाले की मेडिकलमधून मनानेच गोळी आणून दोन दिवस खाऊन सोडून देतात. त्यात चांगले बॅक्टेरिया मरतात, त्यांच्यावर जगणाऱ्या फाजचं घर जातं आणि वाचलेले हट्टी जंतू वाढतात. पोराला जुलाब असतील तर आधी ओआरएस, झिंक आणि आरोग्य केंद्र. गोळी डॉक्टर देतील तीच आणि सांगतील तितके दिवस.

दोन: शेळी-कोंबडीलाही तोच नियम. औषध पशुवैद्यकाला विचारून.

तीन: घरात नागली-वरई पिकत असेल तर सगळी विकू नका. थोडी पोरांच्या ताटात राहू द्या. तुमच्याबरोबर आत आणखी कोट्यवधी जण जेवायला बसलेत.

मोखाड्याच्या दोस्ता, मिळालं उत्तर? पुढच्या भागात बोलूया शेणखताबद्दल: उकिरडा आतून गरम का होतो? तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू!