पाच गुंठ्यांची अट आणि सावेडीच्या गच्च्या

एखाद्या इमारतीला पुढील चाळीस-पन्नास वर्षे किती वीज लागणार, हे तिच्या भिंती, छप्पर आणि खिडक्या ठरतात त्याच वेळी बऱ्याच अंशी ठरून जाते. म्हणूनच ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2007 मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली आणि 2018 च्या डिसेंबरात घरांसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. परंतु जमीन आणि बांधकाम हे विषय राज्याकडे व बांधकाम परवाना महापालिकेच्या नगररचना विभागाकडे असल्याने, दिल्लीत लिहिलेल्या या संहितांचे खरे भवितव्य अहिल्यानगरसारख्या शहरातच ठरते.

या शहरातील गुलमोहर रोड आणि पाइपलाइन रोडच्या आसपास पसरलेल्या सावेडी उपनगरातील बंगले, रो-हाउस आणि अपार्टमेंट यांच्याकडे या दृष्टीने पाहिल्यास पहिली अडचण मोजमापाची दिसते. व्यापारी संहिता 100 किलोवॅट जोडभार किंवा 120 केव्हीए करारित मागणी असलेल्या इमारतींसाठी आहे, तर निवासी संहिता 500 चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच गुंठे, वा त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामासाठी. दीड-दोन गुंठ्यांवर बांधलेले घर किंवा तळमजल्यावर चार दुकाने असलेली इमारत दोन्ही चाळण्यांतून अलगद खाली पडते.

निवासी संहितेचा गाभा मात्र कोणत्याही घराला लागू पडावा इतका साधा आहे. छपरातून उष्णता किती वेगाने आत येते याचे माप, म्हणजे उष्णता-पारगम्यता, प्रति चौरस मीटर प्रति अंश 1.2 वॉटपेक्षा अधिक नसावे, असे ती सांगते. सहा इंची उघड्या स्लॅबचे हे मूल्य त्याच्या अडीच ते तीन पट भरते. विटांच्या तुकड्यांचा कोबा केल्याने ते उतरते, तरी मर्यादेत येत नाही, पण कोब्याखाली दोन सेंटिमीटर जाडीचा चांगल्या प्रतीचा उष्णतारोधक फोम घातला तर येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असे आणि त्यामुळे दुपारची झळ खोलीत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होत असे. सिमेंटच्या स्लॅबने गळती थांबवली, पण तो आडोसाही नेला. भिंती व खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेवरही प्रति चौरस मीटर 15 वॉटची सरासरी मर्यादा आहे, आणि ती गाठण्यासाठी खिडकीवरील पुरेसा छज्जाही उपयोगी पडतो. उष्ण-कोरड्या हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान 10 टक्के असावे, अशीही अट आहे. दोन तावदानांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडत असल्याने तिचे निम्मेच क्षेत्र धरले जाते, ही गोष्ट सदनिका घेताना फारसे कोणी विचारात घेत नाही.

राज्याने आपल्या परीने आमिषाचा मार्गही ठेवला आहे. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना दर्जानुसार 3, 5 किंवा 7 टक्के अधिक चटई क्षेत्र निर्देशांक मिळतो. मात्र मानांकनाचा खर्च मोठ्या प्रकल्पालाच पेलतो आणि लहान बांधकाम येथेही बाहेर राहते. उलट शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये शीत छत धोरण आणून ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या छपरांकडे थेट लक्ष दिले. हा उपाय उभ्या असलेल्या घरांनाही चालतो, तर संहितेचा रोख मुख्यतः नव्या बांधकामावर आहे.

कायद्याने वाट अडवलेली नाही. मूळ कायद्यानेच राज्यांना स्थानिक हवामानानुसार संहितेत बदल करण्याची मुभा दिली होती, आणि 1 जानेवारी 2023 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने निवासी इमारतींना संहितेच्या कक्षेत आणून भाराची मर्यादा खाली आणण्याचा अधिकारही राज्यांना दिला. पुण्यातील ‘महाऊर्जा’ ही राज्याची नियुक्त यंत्रणा प्रसार व प्रशिक्षण करू शकते; परंतु नकाशावर दाखवलेला उष्णतारोधक थर स्लॅबवर खरोखर पडला की नाही, हे भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी जागेवर जाऊनच तपासावे लागते, आणि गच्चीवर एकदा कोबा झाला की त्याखाली काय आहे हे कागदावरून कळत नाही. त्यामुळे पाच गुंठ्यांची अट दोन गुंठ्यांवर आणण्यापूर्वी कोबा पडण्याआधीच्या पाहणीची तरतूद परवान्यातच करणे अधिक निकडीचे आहे.