साडेतेरा षटकं आणि एकावन्न षटकं

२१ जुलै २०११. लॉर्ड्सवर भारत आणि इंग्लंड यांच्यातली शंभरावी कसोटी सुरू झाली आणि अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने कुक आणि स्ट्रॉस या दोन्ही सलामीवीरांना तंबूत धाडलं. साडेतेरा षटकं, त्यातली आठ निर्धाव, अठरा धावा, दोन बळी. एवढ्यात मांडीच्या मागचा स्नायू धरला आणि झहीरला मैदान सोडावं लागलं. पुढे गोलंदाज इतके कमी पडले की कर्णधार धोनीने यष्टिरक्षणाचे पॅड उतरवून स्वतः चेंडू हातात घेतला. पीटरसनने नाबाद २०२ केल्या, इंग्लंडने ८ बाद ४७४वर डाव सोडला, मालिका ४-० अशी गेली आणि तिच्यासोबत कसोटीतलं पहिलं स्थानही. झहीरच्या मनगटात किंवा डोक्यात त्या दिवशी काहीच उणं नव्हतं. तीनच महिन्यांपूर्वी विश्वचषकात त्याने आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक, २१ बळी घेतले होते. कौशल्य तयार होतं, पण ते मैदानावर घेऊन येणाऱ्या शरीराने अर्ध्या वाटेत हात टेकले. ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग’ म्हणजे काय आणि ते कशासाठी, हे समजून घ्यायला नगर जिल्ह्याला याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही.

आपल्याकडे या नावाचा अर्थ परस्पर ‘जिम’ असा लावला जातो. जिम म्हणजे आरसा, दंडाच्या बेटकुळ्या, प्रोटीनचा डबा. खेळाडूला त्याचा उपयोग काय, हा प्रश्न मग योग्यच ठरतो. पण ज्या जिल्ह्यात तालमी आहेत, तिथे हा घोळ व्हायला नको होता. तालमीत ‘मेहनत’ आणि ‘लढत’ यांत फरक करतात. जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणं, आखाड्यातल्या मातीचा हौद उकरणं ही मेहनत. ढाक, धोबीपछाड, भारंदाज हे डाव वेगळे. हौद उकरून कोणी कुस्ती शिकत नाही, पण ज्याने तो उकरलेला नाही त्याचा डाव शेवटच्या मिनिटाला लागत नाही, हे वस्तादाला कोणी शिकवावं लागत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळने महेंद्र गायकवाडला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. माहीत असलेले डाव दमलेल्या अंगाने किती लावता येतात, यावर तिथे निकाल फिरतो. तेव्हा नाव परकं असलं तरी विचार घरचाच आहे.

मग तालीम पुरेशी का नाही? कारण मेहनत मोजायची पद्धत. हजार बैठका काढणारा पठ्ठ्या हजार बैठकांचा दम कमावतो. पाचशे एकावी बैठक त्याची ताकद फारशी वाढवत नाही, कारण ओझं तेच राहतं. ताकद वाढते ती ओझं थोडं थोडं वाढवत नेल्याने आणि मध्ये विश्रांती दिल्याने. स्नायू, कंडरा, हाडं सरावात झिजतात आणि विश्रांतीत भरून येतात, पहिल्यापेक्षा किंचित जास्त. हा ‘किंचित’ आठवड्यागणिक साठवत नेणं एवढंच या शास्त्राचं गुपित. शिवाय कोणत्या खेळात कोणता अवयव मार खातो ते बघून मेहनत ठरवायची. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजमध्ये आदळतो तेव्हा जमिनीकडून त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो, तोही एका क्षणात, आणि दिवसभरात शंभर-सव्वाशे वेळा. तो सगळा जोर गुडघा, कंबर आणि पाठीचे मणके वाटून घेतात. एकाने कसूर केली की हिस्सा दुसऱ्यावर पडतो.

झहीरच्या ज्या स्नायूने दगा दिला त्याचं काम बघण्यासारखं आहे. धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा मांडीमागचा स्नायू ताणला जात असतानाच त्या पायाला आवरतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन सगळे बघतात, पण उतारावर कामाला येतो तो ब्रेक. हा स्नायू बहुतेकदा ब्रेक लावतानाच फाटतो. त्याला घडवणारा एक व्यायाम आहे, ‘नॉर्डिक’ नावाचा. जमिनीवर गुडघे टेकायचे, जोडीदाराने मागून दोन्ही घोटे दाबून धरायचे आणि कंबर न वाकवता अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. कुठेतरी मध्येच तोल सुटतो आणि हात टेकावे लागतात. पहिल्या आठवड्यात तो फार लवकर सुटतो, दोन महिन्यांत जमीन बरीच जवळ येते. हा व्यायाम ज्या संघांनी नेमाने केला त्यांच्यात या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या, हे आठ हजारांहून जास्त खेळाडूंवरच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं. २०१४च्या आणखी एका पाहणीत पंचवीस चाचण्या आणि सव्वीस हजारांवर माणसं होती. नुसत्या ताणाच्या व्यायामांनी दुखापती कमी झाल्या नाहीत; ताकदीच्या व्यायामांनी त्या एक तृतीयांशाच्याही खाली आणल्या. सामन्याआधी पाय ताणत बसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

यावर पहिला आक्षेप कपिल देवच्या नावाने येतो. १३१ कसोटी, ४३४ बळी आणि दुखापतीमुळे हुकलेली कसोटी एकही नाही. गोलंदाजाने गोलंदाजीच करावी, तोच त्याचा व्यायाम, असं जुने लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. धावून चेंडू टाकण्याचा सराव दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. पण कपिल हा टिकलेला माणूस आहे. न टिकलेल्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, कारण पाठ गेली की पोरगा तालुक्याच्या संघातूनच गळतो. उलट बाजूला वेगवान गोलंदाज डेनिस लिलीचं उदाहरण घ्या. १९७३मध्ये त्याच्या मणक्यांना तडे गेले आणि अंग प्लास्टरमध्ये गेलं. शास्त्राच्या जाणकारांसोबत आखलेली मेहनत करून तो परतला आणि आपल्या ३५५ बळींपैकी बहुतेक त्याने त्यानंतर मिळवले. चेन्नईच्या एमआरएफ अकादमीत झहीरच्या पिढीला घडवणारा लिली हाच.

दुसरा आक्षेप, वजनं उचलली की अंग जड होतं, चपळाई जाते. मोठे स्नायू कमावणं हे वेगळं उद्दिष्ट आहे, त्याचा खुराक आणि पद्धतही वेगळी. मोजक्या वेळा जड वजन उचलण्याने आधी बदलते ती मज्जासंस्था. आहे तोच स्नायू जास्त जोर, जास्त लवकर लावायला शिकतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंनाही याचा फायदा होतो, त्याच वेगाला कमी प्राणवायू लागतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बीडचा असला तरी नगरला तो शेजारचाच. त्याची स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरमध्ये पस्तीस अडथळे, त्यातले सात पाण्याचे. प्रत्येक अडथळ्यानंतर एकाच पायावर अख्खं अंग झेलायचं. २०२४मध्ये पॅरिसला त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पुढच्याच वर्षी त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे मेहनत हा विमा नव्हे. धोका कमी होतो, शून्य होत नाही, आणि शून्याची हमी देणाऱ्या प्रशिक्षकापासून लांब राहिलेलं बरं.

वजनं उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही समजूत मात्र आता सोडून द्यायला हवी. जाणत्या देखरेखीखाली केलेला ताकदीचा व्यायाम वाढत्या मुलांना सुरक्षित आहे, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. वाढत्या हाडांना धोका असतो तो बारा महिने एकच खेळ, एकच हालचाल आणि सुट्टी नाही याचा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचंही तेच पाहा. सोळाशे मीटरला वीस गुण, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. जाहिरात निघाली की पहाटे डांबरी रस्त्यावर नुसतं धावणं सुरू होतं आणि नडगी दुखायला लागली की बाम चोळून पुन्हा धावणं. खरं तर पन्नासपैकी तीस गुण स्फोटक ताकदीचे आहेत, आणि नडगीची दुखणी बऱ्याचदा अचानक वाढवलेल्या अंतरातून येतात.

झहीरची गोष्ट लॉर्ड्सवर संपली नाही. २०१३मध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, तो युवराज सिंगसोबत फ्रान्समधल्या ब्रीव्ह इथे जाऊन काही आठवडे केवळ शरीरावर मेहनत करत राहिला. डिसेंबरात जोहान्सबर्गला कॅलिसला बाद करून त्याने तीनशे कसोटी बळी पूर्ण केले. फेब्रुवारी २०१४मध्ये वेलिंग्टनला मॅकलमने त्रिशतक ठोकलं, त्या डावात झहीरने एकावन्न षटकं टाकली आणि पाच बळी घेतले. एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही, आणि वयही थांबत नाही. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. वेग तर कधीच उतरला होता. पण लॉर्ड्सवर साडेतेरा षटकांत थांबलेलं अंग तिथे एकावन्न षटकं उभं राहिलं.

पोराला किंवा पोरीला अकादमीत घालताना फी आणि मॅटचा दर्जा आपण विचारतोच. त्यासोबत एवढंही विचारा: आठवड्यातले कोणते दिवस मेहनतीचे, गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात ओझं किती वाढलं याची वही कुठे आहे, आणि सुट्टीचा दिवस कोणता?