पाणी असे का वागते?

सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या वायूला हायड्रोजन सल्फाइड म्हणतात. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड असतो, तरी तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. या हिशेबाने हलके पाणी त्याच्याही आधी उकळायला हवे. तसे झाले असते तर वैनगंगेच्या पात्रात थेंबभर पाणी उरले नसते, सगळी वाफच! पण पाणी उकळते १०० अंशांना.

याचे कारण पाण्याच्या रेणूत आहे. त्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन भार येतो. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरून राहतो. हा हायड्रोजन बंध. एकेकटा बंध दुबळाच, पण असे असंख्य बंध असल्यामुळे रेणू सहजासहजी सुटत नाहीत.

म्हणूनच पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते. लोखंडाला तिच्या जेमतेम नवव्या हिश्श्यात भागते. आपल्या खैरलांजी भागातले शेतकरी हे पुस्तकात न वाचताही जाणतात. उन्हाळी धानाचे पऱ्हे थंडीने पिवळे पडू नयेत म्हणून संध्याकाळी वाफ्यात पाणी भरतात आणि सकाळी ते काढून टाकतात. पाण्याने साठवलेली ऊब रात्रभर रोपांना मिळते. पाण्याची वाफ व्हायला तर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी लागतात. ती उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून मे महिन्यात माठ गार. (पावसाळ्यात हवाच ओली, मग माठ काय करणार?) घामाचेही तसेच.

बर्फ पाण्यावर तरंगतो, हाही त्याच बंधांचा परिणाम. काश्मीरच्या दल सरोवरात त्यामुळे मासे बर्फाखाली जिवंत राहतात. आपल्या तळ्यातल्या माशांची अडचण वेगळी. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात.

आता सर्वांत मोठा गुण, विरघळवण्याचा. पाण्याचे रेणू मिठाचे कण ओढून वेगळे करतात. रक्तातली साखर असो की धानाच्या मुळांनी घेतलेले नत्र, पाण्यात विरघळल्याशिवाय जागचे हलत नाही. पण पाणी चांगले-वाईट निवडत नाही. खडकात फ्लोराइड असेल तर तेही घेऊन येते.

शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या तिलाईपानी गावात हेच घडले. हातपंपाचे पाणी स्वच्छ दिसत होते, पण त्यात फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी पट होते. १९९० च्या दशकात तेथील मुलांचे पाय गुडघ्यांत वाकलेले आढळले. जबलपूरच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने त्यावर काम केले. आधी सुरक्षित पाणी, मग कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व असलेला आहार, आणि त्यात चकोड्याची भाजी, म्हणजे आपला तरोटा! शेताच्या बांधावरची ही भाजी कॅल्शियमने समृद्ध आहे.

पालकहो, पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून ते थोडे वाढतेच. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५. रंग, वास, चव यांवरून ते ओळखू येत नाही, तपासणीच करावी लागते. ही तपासणी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत होते. नमुना घेताना हातपंप आधी काही मिनिटे चालवावा, प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी आणि तिच्यावर गाव, पंपाची जागा व तारीख लिहावी.