साखरेवरील चित्रकला

महाराष्ट्रीय रुखवतांत साखरेचीं फळें-फुलें मांडण्याची आणि संक्रांतीस नव्या सुनेला व तान्ह्या बाळाला हलव्याचे दागिने घालण्याची चाल जुनी आहे. साखर ही केवळ खावयाची नसून पाहावयाचीही वस्तु आहे, हें मराठी घरांना कोणी नव्यानें सांगावयास नको. ठाणें, डोंबिवली व कल्याण येथें घरीं केक करून विकणाऱ्या गृहिणींनीं केकवर कुंचल्यानें रंगीत चित्रें काढण्याची पाश्चात्त्य कला सहज उचलली, ती याचमुळें असावी. ही कला दिसावयास सोपी आहे; परंतु तिच्यांत दोन गोष्टींचें भान सुटलें, तर एकीमुळें चित्र बिघडतें आणि दुसरीमुळें प्रकृति. पहिली गोष्ट पाणी, दुसरी रंग.

ज्यावर हें चित्र काढावयाचें, त्या आवरणास फॉन्डंट म्हणतात. ‘वितळणें’ या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून हा शब्द आला आहे. पिठीसाखर, ग्लुकोजचा पाक, थोडें ग्लिसरीन व जिलेटीन एकत्र मळून त्याचा कणकेसारखा गोळा करतात. जिलेटीन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून निघत असल्यामुळें शाकाहारी घरांत त्याऐवजीं अगर-अगर अथवा वनस्पतिज डिंक घेतात. केकवर प्रथम लोणी व पिठीसाखर फेसून केलेला पातळ थर देऊन पृष्ठभाग सारखा करावा. मग हा गोळा ३-४ मिलिमीटर जाडीचा लाटून वर पसरावा, कडा हातानें बसवाव्या आणि आंत राहिलेली हवा सुईच्या टोंकानें काढून टाकावी.

यापुढें घाई उपयोगाची नाहीं. चित्र काढण्यापूर्वीं आवरण कांहीं तास, शक्य तर रात्रभर, सुकूं द्यावें लागतें; कारण साखर ही ओलाव्याची मोठी भुकेली. ठाण्यास खाडीचा आणि कल्याण-डोंबिवलीस उल्हास नदीचा शेजार. आषाढ-श्रावणांत तर हवाच ओलीचिंब. हें बाष्प शोषून आवरण चिकट होतें व ओढलेली रेघ फांकते. म्हणून पावसाळ्यांत केक वातानुकूलित खोलींत सुकविणें इष्ट. फ्रिजमधून काढलेल्या गार केकवर हवेंतील बाष्प दंवासारखें जमतें आणि मेहनतीनें काढलेलें चित्र पाहतां पाहतां ओघळतें. असा केक बंद खोक्यांतच बाहेर काढावा आणि त्याचा गारवा गेल्यावर खोकें उघडावें, म्हणजे दंव खोक्यावर पडतें, चित्रावर नाहीं.

रंग कालविण्यांतही हेंच शास्त्र आहे. पाण्यानें ओथंबलेला कुंचला फिरविला, तर साखर विरघळून आवरणास खड्डे पडतात. यास्तव पाश्चात्त्य कारागीर खाद्यरंग व्होडकासारख्या वर्णहीन मद्याच्या थेंबांत कालवतात; मद्यार्क पाण्यापेक्षां लवकर उडून जातो आणि रंग मागें राहतो. ज्या घरांत मद्य वर्ज्य आहे, तेथें कोकोचें लोणी वितळवून त्यांत तेलांत मिसळणारे रंग घालावे. स्निग्ध पदार्थांत साखर विरघळत नाहीं, त्यामुळें रेघ स्वच्छ उमटते. मात्र हें लोणी सुमारें ३४ अंश सेल्सिअसला वितळतें आणि वैशाखांतील दुपारीं कल्याणची हवा याहून तापते. तेव्हां हा उपाय उन्हाळ्याचा नव्हे. रीति कोणतीही असो, फिका रंग आधीं, गडद मागाहून, आणि एक थर सुकल्याखेरीज दुसरा नाहीं, हा नियम पाळावा.

साखरेवरील रेघ पुसतां येत नाहीं, म्हणून साधे आकार बरे. या दृष्टीनें वारली चित्रें फार सोयीचीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून निघालेल्या पालघर जिल्ह्यांत डहाणूचा भाग आहे. तेथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं ही कला जगापुढें नेली आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढावयाचें हें चित्र कोको घातलेल्या तपकिरी आवरणावर शोभून दिसतें. मात्र लग्नांतील पालघट देवीचा ‘चौक’ हा पूजेचा आहे. सुरीनें कापावयाच्या पदार्थावर तो न काढतां तारप्याच्या नाचाचें वर्तुळ काढावें, हें उचित. पांढऱ्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड असतो. खाद्यपदार्थांतील त्याचा वापर युरोपीय संघानें २०२२ सालीं बंद केला. त्याऐवजीं पिठीसाखर व अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी कालवून केलेलें रॉयल आयसिंग पातळ करून वापरतां येतें. पुण्याच्या प्राची धबल देब यांनीं तर अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगवर मोठाल्या कलाकृति उभ्या केल्या आहेत.

राहिली रंगाची गोष्ट. भारतांत टार्ट्राझिन, कार्मोइसिन, ब्रिलियंट ब्लू इत्यादि ८ कृत्रिम रंगांनाच खाद्यपदार्थांत परवानगी आहे आणि त्यांचें प्रमाणही कायद्यानें बांधलेलें आहे. मेटॅनिल यलो व ऱ्होडामाइन बी हे रंग खाण्यांत निषिद्ध आहेत. कापड रंगविण्याचा हा ऱ्होडामाइन ‘बुढ्ढी के बाल’ या मिठाईंत आढळल्यावरून फेब्रुवारी २०२४ मध्यें तमिळनाडूनें तिच्या विक्रीस बंदी केली. चकाकीच्या भुकटीच्या डबीवर ‘विषारी नाहीं’ एवढेंच लिहिलेलें असेल, तर ती खाण्यायोग्य आहे असा त्याचा अर्थ होत नाहीं. ‘खाद्य’ हा शब्द, घटकांची यादी आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना-क्रमांक पाहावा.

चित्र डोळ्यांपुढें तासभर असतें. रंग मुलांच्या पोटांत जातो. म्हणून केक घेणाऱ्यानें नक्षीचें कौतुक करण्यापूर्वीं रंगाची बाटली पाहावयास मागावी आणि करणारणीनें ती न मागतां दाखवावी.