जपानी वाटीतला ओळखीचा भात

मावळ तालुक्याचा जपानशी असलेला संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. सामान्य लोकांकडून पैसा पैसा गोळा करून देशी उद्योग उभारावेत, या हेतूने अंताजी दामोदर काळे यांनी चालवलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसाफंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. त्याची उभारणी करणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचकामाचे शिक्षण जपानात आणि पुढे अमेरिकेत घेऊन आले होते. स्वदेशीच्या काळात जपानला गेलेले तरुण काय शिकून आले हे इतिहास सांगतो, पण ते तेथे रोज काय जेवत होते याविषयी तो फार बोलत नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांत जपानी भाषा शिकून जे विद्यार्थी आज तिकडे जातात, त्यांच्यासाठी हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा असतो, आणि मावळातल्या विद्यार्थ्याची अडचण अनोळखी पदार्थांपेक्षा ओळखीच्या वाटणाऱ्या पदार्थांपाशीच अधिक होते.

त्यातला पहिला पदार्थ भात. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 या वाणांच्या संकरातून तयार झालेला आणि 1987 मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी तांदूळ शिजल्यावर मऊ आणि चिकट होतो. बासमतीची सवय असलेल्या पाहुण्याला तो गिजगोळा वाटतो, मावळच्या घरांत मात्र हाच भात आवडीने खाल्ला जातो. जपानी तांदळाचा स्वभावही असाच आहे. तांदळातील पिष्टमय पदार्थाचे दोन घटक असतात: सरळ साखळीसारखा अमायलोज आणि फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. अमायलोज जितका कमी, तितका भात मऊ व चिकट, आणि 1956 मध्ये नोंदला गेलेला व आजही सर्वाधिक पिकवला जाणारा कोशिहिकारी हा जपानी वाण याच गटातला आहे. त्यामुळे विद्यापीठाच्या खानावळीत पुढे आलेली भाताची वाटी पंजाबी किंवा दिल्लीकर विद्यार्थ्याला परकी वाटली, तरी वडगाव-कामशेतकडच्या मुलाला ती घरची वाटते.

फरक पडतो तो भात खाण्याच्या रीतीत. मावळात भातावर वरण किंवा आमटी ओतून, कालवून खातात, तर जपानमध्ये रोजच्या जेवणातला भात आपल्या वाटीत पांढराच राहतो आणि मिसो सूप, लोणचे, मासा किंवा भाजी त्याच्या जोडीने, आलटून पालटून खाल्ली जाते. मिसो, म्हणजे सोयाबीन बुरशीच्या साहाय्याने आंबवून केलेला खारट गोळा, पाण्यात विरघळवून केलेले हे सूप भातावर ओतून खाल्ले, तर त्याला ‘नेको-मान्मा’, म्हणजे मांजराचे जेवण, असे नाव आहे आणि चारचौघांत ते शिष्टसंमत मानले जात नाही. भातात जेवणाच्या काड्या उभ्या खोचणे याहून गंभीर समजतात, कारण मृताला नैवेद्य दाखवताना तसे करतात. भाताच्या पिंडाची कल्पना रक्तात असलेल्या मराठी माणसाला हा निषेध समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ हा असतो. कोम्बू नावाचे समुद्रशैवाल आणि ‘कात्सुओबुशी’, म्हणजे धूर देऊन लाकडासारखा कठीण होईपर्यंत वाळवलेला बोनिटो मासा किसून केलेल्या चकत्या, यांचा हा अर्क. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्येच कोम्बूतील चवीचे कारण असलेला ग्लुटामेट वेगळा केला आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटले. सुकट-बोंबील खाणाऱ्या घरातल्या मुलाला दाशीचा वास चटकन ओळखता येतो. शाकाहारी विद्यार्थ्यापुढे मात्र दिसायला निव्वळ भाजीचे असलेले वाडगे येते, ज्यात माशाचा तुकडाही नसतो आणि तरीही मासा असतो. पाकिटावर ॲलर्जीसाठी सक्तीने छापावयाच्या पदार्थांत अंडे, दूध, गहू, कोळंबी, शेंगदाणा असे घटक आहेत, बोनिटो नाही. म्हणून केवळ ॲलर्जीचा चौकोन पाहून भागत नाही, घटकांची संपूर्ण यादी जपानीत वाचावी लागते. भाषा शिकण्याचे इतके निकडीचे कारण वर्गात क्वचितच मिळते.

‘करी’ हा तिसरा ओळखीचा चेहरा. ती जपानला भारतातून थेट न जाता मेइजी काळात ब्रिटिशांमार्फत पोहोचली, म्हणून ती मैद्याने दाट केलेली, गोडसर आणि सौम्य असते. 1915 मध्ये जपानला आश्रयाला गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे टोकियोच्या शिंजुकु भागातील नाकामुराया येथे 1927 पासून भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, पण घरोघरी रुळली ती पहिलीच. बाजारात मिळणाऱ्या तिच्या वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते, हे भारतीय विद्यार्थ्याने आधीच जाणून घेतलेले बरे.

अशा स्थितीत बहुतेकांचा आधार म्हणजे विजेचा भातकुकर. तूरडाळ, बेसन, मोहरी यांसाठी टोकियोतील विद्यार्थी एडोगावा प्रभागातील निशिकासाईकडे वळतात. तेथे भारतीयांची मोठी वस्ती असून याच प्रभागाच्या सभेवर 2019 मध्ये मराठी योगेंद्र पुराणिक निवडून आले. तांदूळ मात्र बहुधा जपानीच घ्यावा लागतो, कारण ठरावीक कोट्याबाहेर आयात होणाऱ्या तांदळावर किलोमागे 341 येन कर आहे. 2025 च्या वसंत ऋतूत जपानमधील 5 किलो तांदळाची सरासरी किंमत 4,000 येनांच्या वर गेली, तेव्हा शिष्यवृत्तीवर जगणाऱ्यांना खिचडीसुद्धा मोजून करावी लागली असेल.

एका बाबतीत मात्र लोणावळ्याचा विद्यार्थी आधीच तयार असतो. जपानमध्ये प्रवासाहून परतताना त्या गावची खाण्याची वस्तू सहकाऱ्यांसाठी आणण्याचा ‘ओमियागे’ हा रिवाज आहे आणि प्रत्येक मोठ्या स्थानकावर तशा खोक्यांची दुकाने असतात. लोणावळ्याहून जाणारा प्रवासी चिक्की घेऊन जातो, तीच ही रीत. टोकियोच्या आसाकुसा भागातील ‘ओकोशी’, म्हणजे साखरेच्या पाकात बांधलेली तांदळाच्या लाह्यांची वडी, चिक्कीची सख्खी नातलग शोभते. सुट्टीहून परतताना प्रयोगशाळेतल्या मंडळींसाठी चिक्की नेली, तर ती वाटण्याआधी तिच्यात शेंगदाणा आहे, हे खोक्यावर जपानीत लिहून ठेवावे लागते.